सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट

खेड्यात नवरा बायकोला मारतो तेव्हा ते शेजारच्या घरांत ऐकू जातं. सकाळी पाण्यावर जमलेल्या बायकांना तिच्या चालण्यावरून कळतं. अंगणवाडीच्या ताईला कळतं, किराणा दुकानदाराला कळतं, वर्गात गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून मास्तरांना कळतं. पोलीस पाटलाला तर कळतंच, कारण तो बहुतेक वेळा त्याच भावकीतला असतो. मग एक दिवस सर्वेक्षणासाठी एक बाई येते, मार खाणाऱ्या बायकोला बाजूला घेऊन बसते आणि विचारते, ‘हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?’ उत्तर येतं, ‘नाही. कुणालाच नाही.’ उत्तर देणारी खोटं बोलत नसते. सगळ्यांना ठाऊक आहे हेही खरं आणि तिने कुणाला सांगितलेलं नाही हेही खरं.

खेड्यातल्या घरगुती हिंसेच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांचं स्वागत करताना मला आधी एवढंच सांगायचं आहे, की आपल्या अभ्यासाची जागा या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे आहे. दडलेलं काहीतरी उजेडात आणायला आपण निघालो आहोत अशी कल्पना करून खेड्यात जाऊ नका. गावाकडे माहिती भरपूर आहे. ही माहिती असूनही काही घडत नाही, आणि घडलंच तर ते बाईला फिरून त्याच उंबऱ्याशी का आणून सोडतं, हे समजून घ्यायचं आहे. त्या वाटेत जमीन उभी आहे, नाती उभी आहेत, जात, मजुरी, एसटीची वेळ आणि तालुक्याचं कोर्ट उभं आहे. समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, कायदा, समाजशास्त्र यांपैकी कुठल्याही दाराने तुम्ही आत आलात तरी या सगळ्यांशी गाठ पडणार आहे. मी प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या खेड्यांबद्दल लिहिते आहे. ज्या मातीतल्या बायकांचं बोलणं आपल्याला दुभाष्याशिवाय समजतं, तिथून सुरुवात करावी असं मला वाटतं.

हा अभ्यास विद्यापीठांत सुरू झाला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, तेव्हा निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचं. पण ताराबाई त्या खटल्यापाशी थांबल्या नाहीत. नवरा कसाही वागला तरी बायकोने त्याला देव मानायचं, हा नियम कुणी आणि कुणाच्या सोयीने केला, असा उलट सवाल त्यांनी केला. पुणे-मुंबईच्या सुधारकांच्या सभांपासून दूर, वऱ्हाडातल्या एका गावात बसून एका मराठा बाईने हे लिहिलं. ग्रामीण बाईला विचार नंतर शहरातून मिळाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

ओव्यांकडेही अभ्यासाचं साधन म्हणून पाहायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासरचा जाच, नवऱ्याचा राग, भावाची वाट पाहणं हे सगळं गाते, आणि ते घरातल्यांच्या कानावर पडत असतं. समोरासमोर तक्रार करायची सोय नसलेल्या घरात ते ऐकवण्याची ही एक वाट होती. पिठाची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट गेले, याचा आनंदच आहे. पण त्या वेळेला बायकांची बोलण्याची जी जागा होती तिचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी शोधलेलं नाही.

आत्मकथनांत बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ चुकवू नका. सासरहून पळून गेलेल्या सुनेला धरून आणून तिच्या पायात लाकडी खोडा अडकवायचे, हे त्यांनी आपल्याच समाजाबद्दल हातचं न राखता लिहिलं. बाहेरच्यांचा जुलूम सांगताना घरातला जुलूम त्यांनी झाकला नाही. पण त्या पुस्तकात त्यांचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. आपण नवऱ्याचा मार खाल्ला, वर्षानुवर्षं त्याच्यापासून लपवून लिहिलं, हे त्यांनी खूप नंतर एका मुलाखतीत सांगितलं. इतकी निर्भय लेखिका सगळ्यांचं सांगते आणि आपलं सांगत नाही, तेव्हा न सांगण्यामागे भित्रेपणाहून बरंच काही असतं हे ध्यानात घ्यावं लागतं. मुलांचा बाप, घराची अब्रू, चळवळीतलं नाव, आणि मुळात ही बाब सांगण्याजोगी आहे की नाही याबद्दलची शंका, एवढं सगळं त्या न सांगण्यात असू शकतं.

१९८०नंतरचा काळ चळवळीचा आहे आणि त्याचा ऋणनिर्देश केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. त्यातून उसळलेल्या अस्वस्थतेतून नारी समता मंचाचं काम उभं राहिलं आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव फिरलं. १९८३ साली भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम ४९८अ आलं. १९८४पासून मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष चालवायला घेतला आणि पुढे तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोचला. १९८७मध्ये मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी पुरंदर तालुक्यातल्या खेड्यांत ‘मासूम’चं काम सुरू केलं. गावातल्याच बायकांनी शिकून गावातल्या बायकांना सल्ला द्यायचा, ही पद्धत तिथे वर्षानुवर्षं घडत गेली. १९८८मध्ये संगमनेरला नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांची परिषद भरली. निशा शिवूरकरांनी या लढ्याची हकीकत ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात लिहिली आहे. मार खाणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर सतत कुठली भीती असते हे त्या परिषदेमुळे महाराष्ट्राला दिसलं. माराची भीती असतेच, पण टाकून दिलं जाण्याची भीती त्याहून मोठी असते. आता आकड्यांकडे वळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. खेड्यांत हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होतं, शहरांत २४च्या. महाराष्ट्रात आधीच्या फेरीत सुमारे २१ टक्के होते, ते २५ झाले. नवखा अभ्यासक लगेच म्हणतो, महाराष्ट्रात हिंसा वाढली. तसं असेलही. पण बायका बोलायला लागल्या, विचारणाऱ्या मुलींचं प्रशिक्षण सुधारलं, या शक्यताही तितक्याच खऱ्या आहेत, आणि एकट्या आकड्यावरून त्यांतली निवड करता येत नाही. या विषयात वाढलेला आकडा कधीकधी चांगली बातमी असते. कमी आकडा असलेल्या जिल्ह्याकडे मी नेहमी जास्त काळजीने पाहते.

हा आकडा कसा तयार होतो तेही समजून घ्या. एका घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारतात, म्हणजे सासू-सून किंवा जावा-जावा यांना एकमेकींचे प्रश्न कळत नाहीत. एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून देतात. ‘तुमच्यावर हिंसा होते का’ असं मोघम विचारत नाहीत. ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला किंवा चटका दिला का, अशी एकेक कृती विचारतात. ‘आमचे मालक कधी तसं करत नाहीत’ म्हणणारी बाई थोबाडीत मारल्याच्या प्रश्नाला सहज ‘हो’ म्हणते. आणि सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. त्यातल्या बहुतेक जणी माहेराकडे जातात, पोलिसांकडे फारच थोड्या.

याच पाहणीत बायकोला मारणं काही कारणांसाठी योग्य आहे का, असाही प्रश्न असतो. देशभरातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला होकार दिला. सासू-सासऱ्यांचा मान न राखणं हे त्यांतलं सगळ्यांत जास्त होकार मिळालेलं कारण आहे. या आकड्यावरून ‘बाईच बाईची शत्रू’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांची मला चीड येते. ज्या घरात उद्याही राहायचं आहे त्या घराचा कायदा आपल्याला पाठ आहे, एवढंच ती बाई अनोळखी माणसाला सांगत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांतल्या सुमारे २४,००० स्त्रियांशी बोलून केलेला आणि २००५मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही एकेक कृती विचारण्याच्या याच पद्धतीवर उभा आहे. त्यात काही देशांत एक शहर आणि एक ग्रामीण प्रांत असे दोन्ही निवडले होते. बांगलादेशात शहरात ५३ टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सांगितली, ग्रामीण भागात ६२ टक्के. पेरूमध्ये हेच आकडे ५१ आणि ६९ होते. ब्राझील, टांझानिया, थायलंड या देशांतही खेड्याकडचा आकडा मोठाच निघाला. इतक्या वेगळ्या समाजांत एकच कल दिसतो, तेव्हा ‘आमच्याकडची संस्कृतीच तशी’ हे स्पष्टीकरण अपुरं पडतं. अंतर, परावलंबन, आणि नातेवाइकांच्या हातात असलेला न्याय या गोष्टी जगभरच्या खेड्यांत असतात.

आता नात्याकडे येऊ, कारण इथे महाराष्ट्राचं स्वतःचं असं काही आहे. इरावती कर्व्यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की उत्तरेत मुलगी परक्या, दूरच्या घरी देतात, दक्षिणेत नात्यात देतात, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधे आहे. इथे अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. म्हणजे सासू ही आत्या असते, सासरा हा बापाचा मेहुणा असतो. नात्यात दिलेली मुलगी सुखात राहते असं आपण ऐकत आलो. कधी राहतेही. पण मार बसला तर तिने बापाकडे कुणाविरुद्ध तक्रार करायची? त्याच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाविरुद्ध. एका पोरीच्या तक्रारीने भावा-बहिणीची दिवाळी बंद होते. नात्यातल्या लग्नाने संरक्षण मिळतं की तोंड बंद होतं, यावर आपल्याकडे अजून नीट, तुलना करून केलेलं काम हवं आहे.

आणि माहेर. माहेर हा या विषयातला सगळ्यांत नाजूक भाग आहे, आणि मला वाटतं, सगळ्यांत कमी अभ्यासलेलाही. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांसारखा वाटा दिला, देशाने २००५ साली. प्रत्यक्षात बहुतेक बहिणी तलाठ्यापुढे किंवा दुय्यम निबंधकापुढे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करतात. का करतात? भाऊ तुटू नये म्हणून. भाऊबीजेला दार उघडं राहावं म्हणून. अडीअडचणीला येता यावं म्हणून. पण ज्या दिवशी ती खरोखर मार खाऊन, दोन लेकरं घेऊन येते, त्या दिवशी ते घर भावाचं आणि भावजयीचं असतं. पहिले काही दिवस सगळे जपतात. मग शेजारीपाजारी विचारू लागतात, धाकट्या बहिणीचं लग्न अडतं, भावजयीच्या भांड्यांचा आवाज वाढतो. शेवटी बापच म्हणतो, चल, मी सोडायला येतो. या बापाला मी खलनायक म्हणणार नाही. त्याच्या हातात दुसरं काय आहे, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासाची वाट मात्र मी पाहते आहे.

म्हणूनच प्रदीप पांडा आणि बिना अग्रवाल यांचा २००५मध्ये प्रसिद्ध झालेला केरळमधला अभ्यास मला इतका मोलाचा वाटतो. तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शहरात सुमारे ५०० स्त्रियांशी बोलून त्यांनी पाहिलं, की स्वतःच्या नावावर ना जमीन ना घर अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक मार सोसला होता. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं, घर असलेल्यांत १०, आणि दोन्ही असलेल्यांत ७. शिक्षण आणि नोकरी यांपेक्षाही मालमत्तेचा संबंध ठळक दिसला. घर हातात असलं की बाई निघून जाऊ शकते हे नवऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तिला निघून जावं लागतंच असं नाही.

महाराष्ट्राने हे प्रत्यक्षात करून पाहिलं आहे, आणि त्याचा विसर पडू नये. १९८६मध्ये शेतकरी संघटनेच्या चांदवड अधिवेशनाला खेड्यांतल्या लाखावर बायका जमल्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्याने आपली काही जमीन स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यायची. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते गाव लक्ष्मीमुक्त ठरवायचं. अनेक गावं तशी झाली. घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचं काम त्यानंतर आलं. पण ज्या बायकांच्या नावे त्या वेळी जमीन झाली, त्यांच्या घरात पुढे मारहाण कमी झाली का? त्या सातबाऱ्यांवर आज कुणाचं नाव आहे? कागद तलाठी कार्यालयात आहेत, त्या बायकांपैकी अनेक जणी आज साठी-सत्तरीत आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घेतला तर त्याला आयुष्यभराचं काम मिळेल.

जमीनच नसलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, आणि ते फिटेपर्यंत दोघांनी मिळून राबायचं. एकाने दिवस बुडवला तर खाडा धरून पैसे कापतात. फडाच्या कडेला पालांत राहणाऱ्या या बाईला नवरा मारतो तेव्हा तिने निघून जायचं ठरवलं, तर कोयताच मोडतो. उचल फेडायची कुणी, हा प्रश्न मुकादम, नवरा आणि तिचा स्वतःचा बाप, तिघंही तिलाच विचारतात. ज्या व्यवहारात जोडप्याखेरीज माणसाची मोजदादच नाही, तिथे एकट्या बाईचं निघणं कर्ज बुडवण्यासारखं होतं. २०१९मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, चौकशी समिती बसली. त्या चर्चेत मजुरी होती, आरोग्य होतं, खाजगी दवाखाने होते. नवऱ्याचा मार त्या हिशेबात कुठे बसतो हे फारसं आलं नाही.

दारूबद्दल गावातली कुठलीही बाई पहिल्या पाच मिनिटांत बोलते. बायकांनी बहुमताने गावातलं दुकान बंद करण्यासाठी केलेली ‘आडवी बाटली’ची मतदानं, १९९३ची गडचिरोलीची दारूबंदी, २०१५ची चंद्रपूरची आणि २०२१मध्ये ती उठवणं, हा सगळा इतिहास मारहाणीचाही इतिहास आहे. दारू हे निमित्त आहे, कारण पितृसत्ता आहे, असं शिकलेल्या माणसाने तिला ऐकवू नये. बाटली आली की मार येतो हे तिला रोज दिसतं. पण अभ्यासकाने मात्र आणखी पाहायचं आहे. विजयेंद्र राव यांनी कर्नाटकातल्या खेड्यांतल्या कुंभार समाजाचा अभ्यास करून १९९७मध्ये लिहिलं, तेव्हा दारूबरोबर अपुऱ्या हुंड्याचा संबंध सापडला, आणि बायकोच्या नसबंदीचाही. शस्त्रक्रिया झालेली बायको आता कुणाबरोबरही जाऊ शकेल हा संशय. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रिया शस्त्रक्रियाच करून घेतात. शस्त्रक्रियेनंतरच्या या संशयाची दखल आपल्या आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात कुठे आहे?

आरोग्याचं आणखी एक सांगायला हवं. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बेला गणात्रा, कुरुस कोयाजी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सुमारे ४०० खेड्यांतल्या मातामृत्यूंचा शोध घेतला. गरोदरपणातल्या मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के मृत्यूंचा संबंध घरातल्या हिंसेशी लागला. आपण रक्तक्षय मोजत होतो, झटके मोजत होतो, आणि मार मोजत नव्हतो. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत ‘पडून इजा’, ‘चुलीने भाजणे’, ‘विहिरीत पाय घसरून’ अशा नोंदी असतात. लिहिणारा कर्मचारी गावातलाच असतो. त्यालाही ठाऊक असतं.

कायद्याची ओळख थोडक्यात करून देते, कारण त्यावर चांगली पुस्तकं आहेत. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. तो नवऱ्याला तुरुंगात घालण्यासाठी नाही. बाईला त्याच घरात राहता यावं, मार थांबावा, खर्च मिळावा, मुलं तिच्याजवळ राहावीत, यासाठी आहे. विवाहसदृश नात्यातल्या बाईलाही तो लागू होतो, म्हणून लग्नाचा विधी लांबवून एकत्र राहणाऱ्या आदिवासी जोडप्यातल्या स्त्रीला त्याचा आधार घेता येतो. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा, असं कायद्यात लिहिलं आहे. ४९८अची जागा १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली आहे.

कागदावरून जमिनीवर उतरलं की चित्र बदलतं. २००५च्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी तालुक्याला, आणि पुष्कळदा दुसऱ्या पदाचा भार सांभाळून. कोर्टाची तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं, एसटीचं भाडं, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम कुठे हा प्रश्न. म्हणून बाईला जवळचं वाटतं ते गाव. २००७मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावातल्या समितीला भांडणं मिटवायला सांगितलं आणि त्यासाठी पुरस्कार ठेवले. बांधाची भांडणं त्यातून मिटली, हे चांगलंच झालं. पण नवरा-बायकोचा तंटा मिटतो म्हणजे काय होतं? चार माणसं बसतात. नवरा कबूल करतो की पुन्हा हात उचलणार नाही. बाईला सांगतात, तूही उलट बोलू नकोस. कागदावर दोघांची सही किंवा अंगठा घेतात आणि तिला नांदायला पाठवतात. पुढच्या महिन्यात काय झालं ते पाहायला कुणी जात नाही. समिती वाईट हेतूने वागते असं नाही. तिच्यापुढे यशाचं जे माप ठेवलं आहे त्यात तंटे मोजतात. तिच्या अंगावरचे वळ त्या मापात बसत नाहीत.

आता तुमच्याविषयी. प्रश्न विचारायला जाणारी व्यक्ती हा या अभ्यासातला एक धोका आहे, हे मनाशी पक्कं धरा. गावात कुठल्या घरी कोण किती वेळ बसलं हे सगळ्यांना दिसतं. म्हणून पाहणीचं नाव ‘स्त्रियांचं आरोग्य’ असंच ठेवतात, म्हणून एका घरातल्या एकीलाच विचारतात, म्हणून सासू किंवा नवरा दारात दिसताच लोहाच्या गोळ्यांकडे विषय वळवायची तयारी ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१मध्ये याबाबतची तत्त्वं लिहून काढली. ती नुसती वाचू नका, गावात जाण्याआधी एकमेकींबरोबर करून पाहा. मदतीचा पत्ता, फोन, तालुक्यातल्या कुण्या ताईचं नाव पदरात नसेल तर हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं ठाम मत आहे. तिचं बोलणं ऐकून तुमची झोप उडेल. उडू द्या, पण एकट्याने सोसू नका. आपल्या गटात त्यावर बोलायची ठरलेली वेळ ठेवा.

तिला ‘मग तू राहतेस कशाला?’ असं कधीही विचारू नका. ती रोज कशी तग धरते ते विचारा. त्याच्या पावलांच्या आवाजावरून मुलांना शेजारी कधी धाडायचं, कुठल्या दिवशी पगाराचा विषय काढायचा नाही, बचत गटाचं पुस्तक कुणाच्या घरी ठेवायचं, थोरलीची दहावी होईपर्यंत किती वर्षं काढायची. या उत्तरांत तुम्हाला विलक्षण बारकाईचं नियोजन सापडेल. ती गप्प आहे असं आपण अहवालात लिहितो, तेव्हा तिचा हा सगळा हिशेब गाळून टाकतो.

पुरुषांना वगळून हा विषय पुरा होत नाही. मुंबईत १९९३ साली हरीश सदानी आणि सहकाऱ्यांनी ‘मावा’ ही पुरुषांची संघटना काढली, तरुण मुलांशी मोकळेपणाने बोलायचा परिपाठ ठेवला. तसं काम खेड्यांत अजून तुरळक आहे. न मारणारे नवरे प्रत्येक गावात आहेत, बहुसंख्येने आहेत. शेजारी मार चालू असताना ते काय करतात, त्यांना काय रोखतं, मध्ये पडलेल्या एखाद्याचं पुढे भावकीत काय झालं, हे विचारणारे अभ्यास मला दिसत नाहीत.

कुठून सुरू करू, असं विद्यार्थी विचारतात. माझी सूचना अशी. एक तालुका घ्या. २००५च्या कायद्याच्या कलम १२खाली तिथल्या न्यायालयात आलेले पाच वर्षांतले अर्ज पाहायची रीतसर परवानगी काढा. किती दिवसांत पहिली तारीख लागली, किती अर्ज ‘आपसांत मिटले’ म्हणून निघाले, खर्चाचा हुकूम झाला त्यातले पैसे कितीदा हातात पडले, ते लिहून काढा. त्याच गावांच्या तंटामुक्ती समित्यांच्या नोंदवह्या मिळाल्या तर त्या शेजारी ठेवा. आणि मग, तालुक्यात काम करणाऱ्या कार्यकर्तीच्या मदतीने, त्या बायकांची तयारी असेल तरच आणि त्यांना सोयीच्या जागी, नांदायला परत गेलेल्यांना भेटा. मिटवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांचं काय झालं हे त्यांच्याकडून ऐका.